विश्लेषण : रोटरी इंजिनाचा ‘मेंदू’ बदलताना काय पणाला लागते?

माझदा आरएक्स-७ ही स्पोर्ट्स कार बंद होऊन दोन दशके उलटून गेली. १९७८ ते २००२ या काळात तिच्या तीन पिढ्या मिळून ८ लाख ११ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या २००१ च्या चित्रपटातली लाल गाडी म्हणून आपल्याकडच्या अनेकांना ती ठाऊक आहे. जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तिचे चाहते आजही ती जपतात, विकत घेतात आणि बहुतेक जण तिच्यात एक बदल हमखास करतात. कंपनीने दिलेला इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू काढून त्या जागी हवा तसा जुळवता येणारा बाजारातला ईसीयू बसवतात. ‘ताकद वाढवणारा डबा’ अशी त्याची ख्याती आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या डब्यात ताकद नसते. इंजिन सांभाळण्याची जी जबाबदारी आजवर कंपनीच्या अभियंत्यांकडे होती, ती हा डबा मालकाच्या हाती सोपवतो. रोटरी इंजिनाच्या बाबतीत ही जबाबदारी किती जड आहे, ते समजून घेतल्याशिवाय हा सौदा करू नये.

रोटरी इंजिन वेगळे कसे?

नेहमीच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होतो. रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मध्ये किंचित आवळलेल्या पोकळीत फुगीर कडांचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजूंनी तीन कप्पे तयार होतात. एका कप्प्यात हवा-इंधन आत येत असते, तेव्हा दुसऱ्यात ते दाबले किंवा पेटवले जात असते आणि तिसऱ्यातून धूर बाहेर पडत असतो. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर एनएसयू या कंपनीने काम केले आणि असे पहिले इंजिन १९५७ मध्ये चालवून पाहिले. माझदाने १९६१ मध्ये त्याचा परवाना घेतला आणि १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आणली. १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी या गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

या इंजिनाचा कच्चा दुवा पहिल्या दिवसापासून एकच आहे. त्रिकोणाच्या तीन टोकांवर बसवलेल्या बारीक पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील. तिन्ही कप्प्यांतला दाब एकमेकांत मिसळू न देण्याचे काम या पट्ट्या करतात. सुरुवातीच्या चाचण्यांत त्या थरथरत फिरायच्या आणि पोकळीच्या भिंतीवर ओरखडे उठायचे. माझदाच्या अभियंत्यांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव दिले होते. केनिची यामामोतो यांच्या पथकाने तो प्रश्न सोडवला म्हणून रोटरी गाडी रस्त्यावर आली. पण पट्टी शेवटी पट्टीच. आरएक्स-७ च्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे चाहत्यांच्या भाषेतल्या ‘एफडी’मध्ये तिची जाडी अवघी २ मिलिमीटर आहे.

ईसीयू नेमके काय करतो?

इंजिनाचा शाफ्ट कुठे आहे, हवेचा दाब किती, तापमान किती, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे, हे ईसीयू सेन्सरकडून सतत ऐकत असतो. त्यावरून तो दोन निर्णय घेतो. इंजेक्टर किती वेळ उघडायचा आणि ठिणगी केव्हा टाकायची. हे निर्णय एका मोठ्या तक्त्यातून येतात. आडव्या रांगेत इंजिनाचे फेरे, उभ्या रांगेत हवेचा दाब आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. या तक्त्यालाच ‘मॅप’ म्हणतात. मूळ ईसीयूचा मॅप कंपनीने अनेक महिन्यांच्या चाचण्यांनंतर भरलेला असतो आणि तो मालकाला बदलता येत नाही. बाजारातल्या ईसीयूत प्रत्येक चौकट उघडी असते.

रोटरीत हे गणित अधिक घाईचे आहे. एफडीची कमाल मर्यादा मिनिटाला ८ हजार फेऱ्यांची. त्या वेगाला शाफ्टची एक फेरी ७.५ मिलिसेकंदांत पूर्ण होते. साध्या चार-स्ट्रोक इंजिनातला सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा इंधन घेतो, म्हणजे त्याला १५ मिलिसेकंद मिळतात. रोटरीत प्रत्येक रोटर दर फेरीला इंधन मागतो. त्यामुळे हाती निम्माच वेळ. त्यातला सुमारे एक मिलिसेकंद इंजेक्टरची सुई उघडण्यातच जातो. म्हणून माझदाने प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर दिले. एक लहान, नेहमीसाठी. दुसरा मोठा, जोर लागेल तेव्हासाठी. दुसरा इंजेक्टर जिथे कामाला लागतो, त्या ठिकाणचा मॅप नीट नसेल तर गाडी तिथेच अडखळते.

मग मूळ ईसीयू बदलावासा का वाटतो?

यामागे खरी कारणे आहेत आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. एफडीमधल्या १३बी इंजिनाला दोन टर्बो आहेत. कमी फेऱ्यांवर एकच चालतो आणि साधारण साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास दुसरा जोडला जातो. जेमतेम १,३०८ सीसीच्या या इंजिनातून माझदाने आधी २५५ आणि पुढे २८० अश्वशक्ती काढली, ती या रचनेच्या जोरावर. टर्बोंची ही अदलाबदल बारीक रबरी नळ्या आणि सोलेनॉइड यांच्या जाळ्यातून होते. तीस वर्षांच्या उष्णतेने त्या नळ्या कडक होऊन तडकतात. मग अनेक मालक दोन्ही टर्बो काढून एकच मोठा टर्बो बसवतात. मूळ मॅपला या टर्बोचा पत्ताच नसतो.

एवढा मोठा बदल न करताही अडचण येते. एक्झॉस्टचा पाइप मोकळा केला की टर्बोचा दाब कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या वर जातो. मूळ ईसीयू अशा वेळी इंधन तोडतो आणि गाडी जोराचा धक्का देते. अनेकांना हा धक्का म्हणजे संगणकाचा अडथळा वाटतो. वास्तविक तो इंजिन वाचवत असतो. तरीही, गाडीतले भाग बदलले असतील तर मॅपही बदलायलाच हवा, एवढे खरे. या गरजेतून जपानच्या एपेक्सी कंपनीचा ‘पॉवर एफसी’ हा मूळ वायरिंगला थेट जोडता येणारा ईसीयू एफडीच्या मालकांत घरोघरी पोहोचला. ऑस्ट्रेलियातील हॅलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडमधील लिंक यांचे ईसीयूही रोटरीवर भरपूर वापरले जातात.

एक चूक एवढी महाग का पडते?

टर्बो दाब देत असताना इंधन कमी पडले किंवा ठिणगी लवकर पडली, तर मिश्रण शांतपणे जळण्याऐवजी स्फोटासारखे पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टन इंजिनात थोडे नॉकिंग झाले तर टकटक ऐकू येते, चालक पाय उचलतो आणि इंजिन बहुतेक वेळा वाचते. टर्बो लावलेल्या रोटरीत एवढी सवड मिळेलच असे नाही. तो तडाखा थेट २ मिलिमीटरच्या पट्टीवर बसतो. पट्टी तुटली की तिचा तुकडा पोकळीची भिंत खरवडतो, एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि वाटेत टर्बोची पातीही घेऊन जातो. कानाला आवाज येईपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

म्हणूनच रोटरीचे जाणकार मिश्रण ‘रिच’, म्हणजे इंधन जास्त असलेले ठेवतात. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. पूर्ण जोरात असलेल्या टर्बो रोटरीत हे प्रमाण ११ च्या आसपास ठेवतात. जादा इंधन आतली उष्णता शोषून घेते. थोडी ताकद जाते, पेट्रोलही जाते, पण इंजिन राहते. आलेखावर आणखी १० अश्वशक्ती दिसाव्यात म्हणून ही सुरक्षेची जागा खाणारा मॅप पहिल्या दिवशी छान वाटतो. भर उन्हात, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये त्याची परीक्षा होते.

दोन ठिणग्यांचे गणित काय आहे?

रोटरीचा जळण्याचा कप्पा लांबट आणि चपटा असतो आणि तो फिरताफिरता जागाही बदलतो. एका ठिणगीने तो पूर्ण पेटत नाही. त्यामुळे प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग. लीडिंगची ठिणगी आधी, ट्रेलिंगची काही अंश उशिरा. या अंतराला ‘स्प्लिट’ म्हणतात. जोर पडलेला असताना ते साधारण १० ते १५ अंश ठेवण्याची पद्धत आहे. स्प्लिट कमी केले की ताकद किंचित वाढते आणि नॉकिंगचा धोकाही.

पिस्टन इंजिनात मुरलेला ट्यूनर रोटरीत फसतो तो बहुधा इथे. त्याच्या अनुभवात ठिणगीचा एकच तक्ता असतो. इथे दोन आहेत आणि दोघांचे नाते सांभाळावे लागते. वायरिंग करताना पुढच्या रोटरची ट्रेलिंग वायर मागच्या रोटरला गेली, तर ठिणगी अर्ध्या फेरीने चुकते. इंजिन लीडिंगच्या जोरावर सुरू होऊ शकते, चालतेही. त्यामुळे चूक लपून राहते आणि टर्बोने दाब दिला की बाहेर येते.

बसवण्याचा योग्य क्रम कोणता?

पहिले काम ईसीयूचा खोका उघडण्याआधीचे आहे. इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासणे. रोटरीला त्यासाठी वेगळे यंत्र लागते, कारण प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंचे तीन आकडे स्वतंत्रपणे पाहावे लागतात. पट्ट्या आधीच झिजल्या असतील तर कोणताही मॅप त्यांना बरे करणार नाही. त्याचबरोबर पेट्रोलचा दाब, फुटलेल्या नळ्या आणि अर्थिंग तपासून घ्यायचे. बॅटरीचा व्होल्टेज पडला की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो आणि मिश्रण आपोआप ‘लीन’, म्हणजे कमी इंधनाचे होते. संगणकाचा दोष म्हणून ज्याच्यामागे दिवस घालवले जातात, तो अनेकदा गंजलेल्या अर्थिंगचा निघतो.

त्यानंतर सेन्सर. दाबाचा सेन्सर नव्या टर्बोच्या दाबाला पुरेल असा हवा. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर गरम धातूजवळ असेल तर तो स्वतःच तापतो आणि हवा आहे त्याहून गरम असल्याचे सांगतो. गरम हवा विरळ असते, म्हणून संगणक इंधन कमी करतो. सिग्नलला थांबून गाडी पुन्हा जोरात काढली की नेमके तेव्हाच इंधन कमी पडते.

पुढची पायरी टायमिंगची. संगणकाच्या पडद्यावर दिसणारा अंश आणि इंजिनात प्रत्यक्ष ठिणगी पडते तो अंश एकच आहे, हे टायमिंग लाइट लावून पुलीवरच्या खुणेशी ताडून पाहायलाच हवे. इथे १० अंशांची तफावत राहिली तर पुढच्या साऱ्या चौकटी १० अंशांनी खोट्या ठरतात. हे जुळल्यावरच गाडी सुरू करायची. आधी शांत चाल, मग हलका जोर, मग डायनोवर कमी दाबात आणि शेवटी टप्प्याटप्प्याने पूर्ण दाब. प्रत्येक टप्प्यावर धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर लावलेला हवा. गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या आसपासचेच नीट सांगू शकतो. ११ आणि १२ मधला फरक त्याला कळत नाही आणि इंजिन जगणार की मरणार, हे त्याच फरकावर ठरते.

दुसऱ्याचा मॅप का चालत नाही?

‘माझ्या मित्राच्या गाडीतला मॅप आहे, तोच टाकू’ हा या छंदातला सर्वांत महाग शॉर्टकट आहे. दोन गाड्यांचे टर्बो सारखे असले तरी इंजेक्टर, पेट्रोलचा दाब, एक्झॉस्ट, इंजिनाची झीज सारखी नसते. पेट्रोलही सारखे नसते. जपानमध्ये मिळणाऱ्या हाय-ऑक्टेन पेट्रोलवर केलेला मॅप कॅलिफोर्नियातल्या पंपावरच्या प्रीमियम पेट्रोलवर धोक्याचा ठरू शकतो, कारण तिथले ऑक्टेन कमी असते. इथेनॉलचे प्रमाण बदलले की इंधन किती द्यायचे हेही बदलते. कंपन्या ईसीयूसोबत देतात तो ‘बेस मॅप’ गाडी सुरू होऊन ट्यूनरकडे पोहोचावी, एवढ्यापुरताच असतो.

तेलाचा प्रश्न का विसरला जातो?

एपेक्स सीलला वंगण हवे असते. त्यासाठी रोटरीत इंजिन ऑइल थेंबाथेंबाने आत सोडणारा पंप असतो. एफडीमध्ये तो किती उघडायचा, हे मूळ ईसीयूच ठरवतो. बाजारातले सगळेच ईसीयू हा पंप चालवत नाहीत. तो जोडलाच नाही तर टू-स्ट्रोक स्कूटरच्या जमान्यात घालायचो तसे पेट्रोलच्या टाकीत मोजून ऑइल घालावे लागते. ते विसरले तर कोणताही दिवा लागत नाही, सीलची झीज मात्र चालू राहते. ईसीयू निवडताना अश्वशक्तीच्या आकड्याआधी विचारायचा प्रश्न हा आहे.

कायद्याचे काय?

अमेरिकेत केंद्रीय ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’नुसार रस्त्यावरच्या गाडीतली प्रदूषण नियंत्रण यंत्रणा निकामी करणे बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात असा भाग रस्त्यावरच्या गाडीत बसवायचा तर त्याला तिथल्या हवा मंडळाची सूट मिळालेली असावी लागते. १९७५ पर्यंतच्या मॉडेलना तिथल्या धूर तपासणीतून सवलत आहे, एफडी त्यात बसत नाही. जपानमध्ये ‘शाकेन’ या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीतून गाडीला जावे लागते.

रोटरी स्पोर्ट्स कार भारतात अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. आपल्याकडे माझदा हे नाव पोहोचले ते ‘स्वराज माझदा’च्या मिनी बस आणि छोट्या ट्रकमुळे. पण पुण्या-मुंबईत मोटारसायकल आणि डिझेल गाड्यांचे ‘रीमॅप’ करून घेणारे कमी नाहीत आणि प्रश्न तोच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वॉरंटी आणि विम्याचा दावा अडचणीत येतो तो वेगळाच. इथे एपेक्स सील नाही म्हणून इंजिन तडकाफडकी जात नाही, एवढाच दिलासा. तो फार मोठा नाही.

मग बदलावा की नाही?

टर्बो, इंजेक्टर, एक्झॉस्ट यांपैकी काहीही बदललेले नसेल आणि मूळ ईसीयू धड असेल, तर तो काढू नये. तेच पैसे नळ्या, पेट्रोल पंप, रेडिएटर आणि वाइडबँड मीटरवर घालावेत. भाग बदलले असतील तर ईसीयू बदलणे ही चैन राहत नाही, ती गरज होते. अशा वेळी जुन्या मॅपवर गाडी पळवणे अधिक धोक्याचे. पण मग खर्चाचा हिशेब उलटा मांडावा. आधी रोटरीवर प्रत्यक्ष हात बसलेला ट्यूनर शोधायचा आणि तो ज्या ईसीयूवर काम करतो तोच घ्यायचा. डब्यासाठी सगळे पैसे संपवून ट्यूनिंग ‘नंतर पाहू’ म्हणणाऱ्यांची इंजिने आधी उघडावी लागतात.

नव्या ईसीयूची खरी किंमत वसूल होते ती त्याच्या संरक्षणाच्या सोयींत. पेट्रोलचा दाब पडला, मिश्रण लीन झाले, ऑइलचा दाब घटला किंवा हवा फार तापली, तर तो मूळ संगणकापेक्षा कितीतरी लवकर जोर कमी करू शकतो आणि प्रत्येक क्षणाची नोंद ठेवतो. हत्यार तेच, वापर दोन. अनेक मालक ताकदीच्या चौकटी भरून घेतात आणि संरक्षणाच्या चौकटी रिकाम्या सोडतात. ट्यूनरने गाडी परत देताना डायनोचा आलेख दाखवला, तर मालकाने विचारावे की इंधन तुटण्याच्या मर्यादा कुठे आणि किती ठेवल्या आहेत. उत्तर देता आले नाही, तर काम अर्धेच झाले आहे.

एफडी पुन्हा तयार होणार नाही. जगात उरलेल्या प्रत्येक गाडीतले इंजिन कुणाच्या तरी एका निर्णयावर टिकते किंवा संपते. आजवर तो निर्णय माझदाच्या अभियंत्यांनी काळजीने, थोडी ताकद सोडून देऊन घेतला होता. संगणक बदलणाऱ्याने निदान तेवढी काळजी स्वतःच्या मॅपमध्ये उतरवावी.